दोन्ही हात डावे

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसायला नकोच. असली हकिगत ऐकून लगेच मान डोलावणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही. मी उमरावाची बायको होते, मी धर्मगुरू होते, मी न्यायाधीश होते, लढाईला कधीच न गेलेल्या एका सेनापतीचा रुबाबदार देहही मीच होते. आणि मागच्या भाद्रपदात पेनसिल्व्हेनियातल्या या स्टेट कॉलेज गावी, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, मी साक्षात गौर झाले.

मी एक जुनी लाकडी पुतळी आहे. साड्यांच्या दुकानात काचेमागे उभी असते तशी, पण ती बिचारी प्लॅस्टिकची. मी अस्सल अक्रोडाची. माझा खांदा फिरतो, कोपर वाकतं, मनगट वळतं, बोटांची पेरं न् पेरं मिटतात. फक्त डोकं नाही. डोकं नाही तर ही बोलते कशी, असा प्रश्न इथे संग्रहालयात मुलांच्या पहिल्या रांगेत बसलेल्या आन्याच्या चेहऱ्यावर दिसतोच आहे. अगं, डोक्याशिवाय बोलणारे लोक तुझ्या बाबांना ऑफिसात रोज भेटतात. घरी गेल्यावर विचार त्यांना.

माझा जन्म पॅरिसचा, अठराव्या शतकातला. ज्या सुताराने मला घडवलं तो हाताचा कुशल होता, पण जेवणानंतर त्याला डुलकी लागायची. त्याने एकाच वेळी दोन पुतळ्या करायला घेतल्या आणि हात बसवण्याचं काम नेमकं जेवणानंतर काढलं. परिणामी माझ्या दोन्ही मनगटांना डावे हात बसले. माझी जुळी बहीण दोन उजवे हात घेऊन कुठे तरी गेली. ती माझ्याहून जास्त कामसू निघाली असणार, पण नाव माझं झालं.

मला विकत घेतलं सोलांज पेरिदो या बाईंनी. मी त्यांना सोलांजबाई म्हणते. बाई माणसांची चित्रं काढत. तेव्हा फोटो नव्हते. स्वतःची छबी हवी असेल तर चित्रकारासमोर जाऊन बसावं लागे. पण मोठी माणसं बसणार किती वेळ? ती चेहऱ्यापुरती बसायची आणि कपडे नोकराबरोबर पाठवून द्यायची. ते कपडे मी घालायचे. मग आठवडे न् आठवडे मी अंगावर मखमल, लेस, पदकं मिरवत उभी असायचे आणि बाई एकेक चुणी रंगवत बसायच्या. मला खाज येत नसे, शिंक येत नसे, भूक लागत नसे. चेहरा गिऱ्हाइकाचा, मानेखालचा सगळा थाट माझा. अवघड पोझ म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ होता, आणि डावे हात माझ्याकडे दोन होते.

सुतार ओशाळून हात बदलून द्यायला आला, तेव्हा बाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हणाल्या, "राहू दे. हिचा दोष मी सांभाळून घेईन." आणि त्यांनी सांभाळून घेतला. त्यांच्या चित्रातल्या माणसांचा उजवा हात कधी कोटाच्या बटणांमध्ये खुपसलेला असायचा, कधी मांडीवरच्या कुत्र्यामागे, कधी पंख्याआड. लोकांना वाटलं, ही नवीन फॅशन आहे. पुढे युरोपातले सगळे बडे लोक कोटात हात खुपसून चित्रं काढून घेऊ लागले ते माझ्यामुळे. इतिहासाच्या पुस्तकात हे नाही, कारण इतिहास लिहिणाऱ्यांनी मला विचारलं नाही.

बाईंचा हात कसा होता, सांगू? एका न्यायाधीशाचं चित्र त्यांनी पूर्ण केलं आणि वाळण्यासाठी त्याच्याच कचेरीत, त्याच्याच खुर्चीवर ठेवलं. साहेब त्या दिवशी तापाने घरी झोपले होते. वकील आले, वाकले, आणि दुपारभर त्या चित्रासमोर दोन खटले चालवले. संध्याकाळी बाहेर पडताना एक म्हातारा वकील डोळे पुसत म्हणाला, "आज साहेबांनी पहिल्यांदाच मधे न बोलता ऐकून घेतलं."

हसा, हसा. पण पुढचं हसण्यासारखं नाही.

बाई ज्यांच्या चित्रशाळेत काम करत त्यांचं नाव ग्राँशां. मोठं नाव. त्यांच्या शाळेतल्या चित्रांवर इतर कुणी सही करायची नाही, असा नियम होता. म्हणून बाईंची कितीतरी चित्रं बिनसहीची बाहेर पडली. एकदा मात्र बाईंनी घरी बसून स्वतःचंच चित्र काढलं. हातात कुंचला घेतलेल्या त्या, आणि मागे कोपऱ्यात मी, कपड्यांविना, उजवा हात वर केलेला. त्यावर त्यांनी ठसठशीत सही केली आणि ते प्रदर्शनात टांगलं.

ग्राँशां आले, काठीवर रेलून त्यांनी चित्र पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाईंना रेशीम जमतं, फर जमते. हात मात्र जमत नाहीत. त्या पुतळीचे दोन्ही हात डावे काढलेत!"

अख्खं दालन हसलं. बाई एवढंच म्हणाल्या, "मी जे पाहिलं तेच रंगवलं."

घरी येऊन मला पाहावं, असं एकालाही वाटलं नाही. मी कोपऱ्यात पुरावा होऊन उभी होते आणि मला कुणी बोलावलं नाही. तेव्हापासून जो तो तेच म्हणू लागला, की सोलांज पेरिदो ठीक आहे हो, पण तिला हात काढता येत नाहीत. जिला हात काढता येत नाहीत तिची चांगली चित्रं तिची कशी असतील? मग ती सगळी ग्राँशांच्या नावावर जमा झाली.

मग राज्यक्रांती आली. साल सतराशे त्र्याण्णव. मी खिडकीत उभी होते, अंगावर एका उमरावाच्या बायकोचा निळा झगा. खालून जमाव आला, त्यांना वाटलं, बाईसाहेब ऐटीत उभ्या आहेत. मला उचललं, गाडीत घातलं, चौकात नेलं. भलं मोठं पातं वरून सरसरत आलं आणि खाड! डोकं टोपलीत. लोकांनी आरोळी ठोकली. आणि मित्रांनो, मी उठले, झगा झटकला आणि चालत घरी आले. अख्ख्या फ्रान्समध्ये डोकं उडाल्यावर घरी परतलेली मी एकटीच.

आन्या, हात खाली कर. प्रश्न शेवटी.

बाई गेल्यावर माझी रवानगी जहाजाने फिलाडेल्फियाला झाली. वादळात डोलकाठी मोडली तेव्हा कप्तानाने डोलकाठीच्या जागी मला उभं केलं होतं, पण ते राहू दे. अमेरिकेत मी आधी एका शिंप्याकडे होते. तो गेल्यावर त्याच्या पोरांनी मला एका शेतकऱ्याला दिलं आणि मी मक्याच्या शेतात बुजगावणं झाले. जिने लेस आणि मखमल मिरवली तिच्या अंगावर पेंढा आणि फाटकी विजार. पावसाने माझं पॉलिश गेलं, बर्फाने गुडघा धरला. कावळे मात्र सज्जन होते. ते मला घाबरत नसत, उलट संध्याकाळी एकेक दाणा आणून पायाशी ठेवत. मग बरीच वर्षं मी कोठारात पडून होते, मग कुठल्याशा हौशी नाटकमंडळीच्या सामानात, आणि शेवटी एका मे महिन्यात, भाड्याची घरं रिकामी होतात तेव्हा, फुटपाथवर. एका बाजूला फाटका सोफा, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी मायक्रोवेव्ह, मधे मी. माझ्यावर कागद चिकटवला होता, फुकट न्या.

तिथून मला उचललं सिद्धेशने. हा इथे इंजिनिअरिंगचं एम.एस. करतो आणि रविवारी क्रिकेट खेळतो. त्याने मला खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि दार उघडताच ओरडला, "चैत्राली, गिरिजा, बघा! कपडे वाळत घालायला स्टँड मिळाला, एकदम फ्री!"

"यार सिद्ध्या, हे भूत कुठून आणलंस?" असं म्हणाली ती चैत्राली, पुण्याची, सांख्यिकीत पीएच.डी. करणारी.

गिरिजाने लॅपटॉपमधून मान वर केली, "नाटकवाल्यांचं असेल कुणाचं तरी" म्हणाली आणि पुन्हा मान खाली घातली.

मित्रांनो, इथे माझं नशीब बघा. गिरिजा चित्रकलेच्या इतिहासात पीएच.डी. करत होती आणि तिचा सगळा प्रबंध होता सोलांजबाईंवर! ज्यांच्यावर ती रात्रंदिवस लिहीत होती त्यांची पुतळी तिच्याच हॉलमध्ये ओले टॉवेल घेऊन उभी. तिने हात का पाहिले नाहीत, विचाराल. तर सिद्धेशने पहिल्याच दिवशी माझ्या हातांत त्याचे जुने विकेटकीपिंगचे ग्लोव्हज वाळायला घातले होते. ते उन्हाळाभर निघालेच नाहीत. मी धर्मगुरूंचे हातमोजे घातलेत, सेनापतीचे घातलेत, पण असा वास कधी घेतला नव्हता. तोही नाक नसताना.

गिरिजाची अडचण काय होती, तर या संग्रहालयात एक चित्र आहे. हे बघा, माझ्या डावीकडचं. एक विधवा बाई, तिचे दोन्ही हात फरच्या नळकांड्यासारख्या पिशवीत. थंडीत हात उबदार ठेवायला तेव्हाच्या बायका असा मफ वापरत. गिरिजा म्हणत होती, हे चित्र सोलांज पेरिदोचं आहे. खालची पितळी पट्टी म्हणत होती, ग्राँशां. या चित्राचा एक्स-रे काढला तेव्हा फरच्या खाली आधी रंगवलेला एक उजवा हात दिसला. त्याचा अंगठा भलत्याच बाजूला. तज्ज्ञ म्हणाले, कुणा कच्च्या विद्यार्थ्याने हात बिघडवला आणि ग्राँशांनी वरून फर रंगवून लाज राखली.

गिरिजाचे गाइड प्रोफेसर हॉलोवे. उंच, पांढऱ्या दाढीचे, मनाने चांगले. ते तिला म्हणाले होते, "गिरिजा, आपल्या पुतळीचे दोन्ही हात डावे काढणारी बाई हे चित्र काढूच शकत नाही. पुरावा आण, नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढून टाक."

ते प्रकरण काढलं असतं तर प्रबंधात उरलं काय असतं? पुस्तकाचा पुठ्ठा. आणि बाई पुन्हा एकदा, कायमच्या, हात न जमणाऱ्या ठरल्या असत्या. प्रबंध तपासणाऱ्या समितीची शेवटची बैठक होती शुक्रवारी.

बुधवारी गौरी आल्या. म्हणजे यायच्या होत्या. चैत्रालीच्या आईने कुरिअरने दोन मुखवटे पाठवले होते, कापसात गुंडाळून, प्रत्येक नथीला वेगळी डबी. मुखवटे आले, पण ते बसवायचे कशावर?

"एक या भुतावर," चैत्राली म्हणाली. "हाइट परफेक्ट आहे, आणि डोक्याची जागा रिकामीच आहे."

"आणि दुसरी?"

तिघांनी घरभर नजर फिरवली. नजर थांबली ती कोपऱ्यातल्या व्हॅक्यूम क्लीनरवर. तर कनिष्ठा गौर झाली ती व्हॅक्यूम क्लीनरवर हँगर बांधून, आणि ज्येष्ठेचा मान मला. मला हिरवी पैठणी नेसवली. मुखवटा मानेवर बसवला. चौकातल्या त्या पात्यानंतर मला पहिल्यांदाच डोकं लाभलं, तेही नथ घातलेलं. उमरावाच्या बायका माझ्यापुढे मोलकरणी वाटल्या असत्या.

"सिद्ध्या!" चैत्राली किंचाळली. "गौरीच्या हातात कीपिंग ग्लोव्हज! काढ आधी. आणि हात धू."

"कुणाचे? माझे का गौरीचे?"

"दोघांचे!"

ग्लोव्हज निघाले. चैत्रालीने बांगड्या चढवल्या, माझा डावा हात नीट खाली ठेवला, उजवा आशीर्वादाला वर केला आणि मागे सरून बघत राहिली.

"कुछ तो गडबड आहे. अंगठा आत यायला हवा ना? हा बाहेर जातोय." तिने माझं मनगट फिरवलं. "असं केलं की तळवा मागे जातो. गिरिजा, जरा येशील? या गौरीचे दोन्ही हात डावे आहेत."

गिरिजा स्वयंपाकघरातून आली ती हातात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन. माझ्यासमोर उभी राहिली. उजवा हात वर, अंगठा बाहेर. बाईंच्या चित्रात मी जशी उभी होते, नेमकी तशी. करंडा हातातून सुटला आणि अपार्टमेंटच्या पांढऱ्या कार्पेटवर कुंकू पसरलं.

"मेलो! डिपॉझिट गेलं!" सिद्धेश म्हणाला.

गिरिजाला ते ऐकू गेलं नाही. ती माझा हात दोन्ही हातांत धरून रडत होती. "ती चुकली नव्हती, चैत्राली. ती चुकलीच नव्हती. पुतळीच अशी होती." मग एकदम डोळे पुसून म्हणाली, "परवा मीटिंग आहे. हिला घेऊन जाते."

"कुठे घेऊन जातेस?" चैत्राली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आज गौर आली. उद्या पूजा, जेवण. परवा संध्याकाळी निरोप. त्याआधी बसलेली गौर हलवायची नाही."

"अगं, माझी पीएच.डी. आहे!"

"आणि ही माहेरवाशीण आहे! जेवल्याशिवाय जाणार नाही."

मित्रांनो, मला राजदरबारी मान मिळालाय, पण माझ्यासाठी कुणी असं भांडलं नव्हतं. शेवटी सिद्धेशच म्हणाला, "अगं, मग प्रोफेसरलाच जेवायला बोलाव ना. पुरणपोळी आहेच."

गुरुवारी दुपारी प्रोफेसर हॉलोवे आले. दारात त्यांनी बूट काढले. त्यांच्या एका मोज्याला भोक होतं. हातात फुलं होती, कारण गिरिजाने फोनवर एवढंच सांगितलं होतं की घरी एक पाहुणी आली आहे आणि ती सरांना भेटू इच्छिते. ते आधी व्हॅक्यूम क्लीनरपाशी गेले.

"सर, नॉट दॅट वन," सिद्धेश म्हणाला.

मग ते माझ्यासमोर आले. गिरिजाने लॅपटॉपवर तो एक्स-रे उघडला आणि माझ्या हाताशेजारी धरला. तीच बोटं, तोच मनगटाचा गोल सांधा, तोच बाहेर गेलेला अंगठा. तिने आणखीही एक खूण दाखवली, पण ती इथे सांगत बसत नाही, उगाच तुमचा वेळ जाईल.

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जवळून बघण्यासाठी गुडघे टेकले, कार्पेटवर, त्या कुंकवातच, आणि खाली मान घालून माझ्या मनगटाखाली पाहत राहिले.

"बघ, नमस्कार केला," चैत्राली हळूच पुटपुटली.

मग ते इंग्रजीत म्हणाले, "दोनशे वर्षं आम्ही तिला हसलो. आणि त्या खोलीत बरोबर पाहणारी ती एकटीच होती."

"शी पेंटेड व्हॉट शी सॉ," गिरिजा म्हणाली.

"होय," ते म्हणाले. "हेच वाक्य प्रकरणाच्या सुरुवातीला घाल." मग उठले, विजारीच्या गुडघ्यांवर कुंकवाचे दोन लाल गोल घेऊन, आणि चार पुरणपोळ्या खाल्ल्या. चौथी मी मोजली नाही, पण चैत्रालीने मोजली.

शुक्रवारच्या बैठकीला मी गेले नाही. माझी गरजच पडली नाही. प्रोफेसरांनी स्वतः साक्ष दिली. संध्याकाळी आरती झाली, दहीभाताचा नैवेद्य झाला, मुखवटा उतरला, आणि त्यानंतरच मी घराबाहेर पाऊल टाकलं, पैठणीतच.

आता ती पितळी पट्टी वाचा. सोलांज पेरिदो. दुसरं कुणाचंही नाव नाही. बसवली त्या दिवशी हा हॉल भरला होता. गिरिजाचे आईबाबा नागपूरहून व्हिडिओवर होते आणि तिचे बाबा आवाज बंद ठेवूनच टाळ्या वाजवत होते. आणखी चार गावांतली चार चित्रं आता बाईंच्या नावावर आली आहेत. सगळ्यांमधला उजवा हात कुठे ना कुठे लपलेला. आणि उजव्या भिंतीवर ते बघा, बाईंचं स्वतःचं चित्र, दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयातून खास मागवलेलं. बाई पुढे, मी मागे कोपऱ्यात. इतकी वर्षं जाणकारांनी त्यात फक्त माझे हात पाहिले. आज आम्ही दोघी पुन्हा एका खोलीत आहोत, आणि हसणारं कुणी नाही.

तर मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. जुनी वस्तू फुटपाथवर टाकण्याआधी तिचा हात एकदा उलटून बघा. ती कुणाची तरी साक्षीदार असेल. आणि कुणी म्हणालं की अमुक माणूस चुकला, तर हसण्याआधी त्याच्या घरी जाऊन बघा, त्याच्या कोपऱ्यात काय उभं आहे. सोलांजबाईंनी आयुष्यभर एकच केलं, जे पाहिलं तेच रंगवलं. पदरचं काही घातलं नाही. मीसुद्धा त्यांचीच पुतळी, मीही तुम्हाला जे घडलं तेच...

काय गं आन्या? मघापासून हात वर आहे तो आहेच. बरं, विचार.

"थांब हं," आन्या उठून उभी राहिली आणि सरळ उजव्या भिंतीपाशी गेली. "तुझं हेड रिव्होल्यूशनमध्ये कट केलं ना? सेव्हन्टीन नाइन्टी थ्री?"

हो. खाड!

"पण या पिक्चरखाली लिहिलंय, सेव्हन्टीन एटी वन." तिने बोट वर केलं. सगळ्या मुलांनी तिकडे माना वळवल्या. "आणि यातपण तुला हेड नाहीये."

मागे उभी असलेली गिरिजा तोंडावर हात ठेवून हसू दाबत होती.

"म्हणजे एक तर त्या बाई खोटं बोलल्या," आन्या म्हणाली, "नाहीतर तू."

...बाईंनी जे पाहिलं तेच रंगवलं, मित्रांनो.